अकरावा दिवस

इगतपुरीच्या धम्मगिरीवरचे विपश्यना शिबिर दहा दिवसांचे म्हणून ओळखले जाते. पण साधक घरी निघतो तो अकराव्या दिवशी सकाळी. पहाटे चारला घंटा, रात्रीचे जेवण नाही, कुणाशी बोलणे नाही, वाचन नाही, लेखन नाही आणि दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बैठक. असे दिवस काढलेला माणूस टेकडी उतरून स्टेशनावर येतो तेव्हा त्याचा चेहरा निवळलेला असतो, चाल संथ झालेली असते. मग गाडी कसारा घाट उतरू लागते आणि खिशातला मोबाईल थरथरू लागतो. कचेरीतले निरोप, सोसायटीतला पाण्याचा तंटा, मुलाची फी, भावाशी रखडलेला वाटणीचा प्रश्न, सगळे एकेक करून हजर होतात. कल्याण येईपर्यंत निम्मी शांती वाटेत सांडलेली असते.

ध्यानाविषयी आपल्याकडे जे बोलले-लिहिले जाते, ते बहुतेक पहिल्या दहा दिवसांविषयी असते. काय दिसले, काय जाणवले, केवढी शांतता लाभली, याचीच वर्णने. घरी परतल्यावर पुढे काय झाले, हे फारसे कुणी विचारत नाही. वस्तुतः ध्यानाचा खरा प्रश्न अकराव्या दिवसापासून सुरू होतो. आणि आज तो मूठभर साधकांचा खासगी प्रश्न राहिलेला नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून जाहीर केला. बरोबर दहा वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, त्याच सभेने २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन ठरवला. एकेकाळी गुहेत, मठात किंवा देवघराच्या कोपऱ्यात चालणारी गोष्ट आता शाळेच्या वेळापत्रकात, कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागाच्या कार्यक्रमपत्रिकेत आणि मोबाईलच्या पडद्यावर आली आहे. महाराष्ट्र शासनानेही आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजेची सोय करून दिली. इतक्या लोकांना एकाच वेळी मनःशांतीची निकड का भासू लागली, हा प्रश्न अध्यात्माइतकाच समाजकारणाचा आणि अर्थकारणाचाही आहे.

विपश्यनेचा अलीकडचा इतिहास पाहिला तर या प्रश्नाला वेगळेच वळण मिळते. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाचे उरलेसुरले राज्य घेतले. राजा गेला तशी भिक्षुसंघाची राजाश्रयाची छत्रीही गेली. अशा काळात लेडी सयाडो या विद्वान भिक्षूने ध्यानाची विद्या संसारी माणसांपर्यंत नेण्याचा मार्ग धरला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले सया तेजी हे शेतकरी होते. सया तेजींचे शिष्य ऊ बा खिन सरकारी हिशेबखात्यातले अधिकारी. १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा ते त्या देशाचे महालेखापाल झाले. आणि ऊ बा खिन यांच्याकडे १९५५ साली आले ते सत्यनारायण गोयंका, मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. अर्धशिशीने ते हैराण होते आणि दुखणे आवरण्यासाठी मॉर्फिनची सुई टोचून घेण्यापर्यंत पाळी आली होती.

भिक्षू, शेतकरी, हिशेबनीस, व्यापारी! ही परंपरा तीन पिढ्यांत विहारातून निघून बाजारात येऊन उभी राहिली. यातल्या ऊ बा खिन यांचे उदाहरण विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी नोकरी सोडली नाही. कचेरीतच ध्यानासाठी जागा केली, हाताखालच्या माणसांना बसायला शिकवले आणि जिथे जिथे नेमणूक झाली तिथला भ्रष्टाचार निपटण्यासाठी ते नावाजले गेले. त्यांच्या ध्यानाची परीक्षा टेबलावरच्या फाइलीत होत होती. कुणाचे बिल अडवायचे, कुणाचे सोडायचे, वरून दडपण आले तर काय करायचे, हे ठरवताना मन स्थिर राहते की नाही, एवढाच तो प्रश्न होता.

गोयंका १९६९ साली भारतात आले आणि त्यांचे पहिले शिबिर मुंबईत झाले. १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र उभे राहिले. २००९ मध्ये गोराईला भव्य पॅगोडा झाला. २०१२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, पुढच्याच वर्षी ते गेले. आज जगभर पसरलेल्या या शिबिरांना शुल्क नाही. शिबिर पूर्ण केलेल्यानेच, तेही वाटले तर, पुढच्यांसाठी दान द्यायचे. ध्यानाच्या आजच्या बाजारात ही गोष्ट उठून दिसते.

कारण बाजार आहेच. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. बौद्ध ध्यानातला धर्माचा भाग बाजूला ठेवून सजगता तेवढी घेतली. हेतू चांगला होता, रुग्णांना लाभही झाला. पण औषधाच्या बाटलीवरून वैद्याचे नाव गेले की ती कुठल्याही दुकानात ठेवता येते. बघता बघता सजगता हे कामगिरी वाढवण्याचे साधन झाले. आपल्याकडे २०२३ साली नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असा सल्ला दिला. २०२५ च्या सुरुवातीला दुसऱ्या एका मोठ्या उद्योगाच्या प्रमुखांचे ९० तासांविषयीचे बोलणे गाजले. एका हाताने असे तास मागायचे आणि दुसऱ्या हाताने कर्मचाऱ्याला वीस मिनिटांचे ध्यान द्यायचे, यात ध्यानाचे काम नेमके कोणते? यंत्र तापले की त्यावर पाणी मारायचे, एवढेच असेल तर त्याला साधना म्हणू नये, देखभाल म्हणावे.

शास्त्रीय पुरावा काय सांगतो, तेही भाबडेपणा आणि तुच्छता दोन्ही टाळून पाहिले पाहिजे. २०१४ साली अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, खिन्नता आणि वेदना यांवर ध्यानाचा मध्यम प्रमाणात उपयोग दिसतो, असा त्याचा निष्कर्ष. चमत्कार नाही, पण थोतांडही नाही. उलट ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, शाळेत सरसकट शिकवलेल्या सजगतेचा नेहमीच्या शिकवणीपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. आणि २०१७ साली जॅरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी अनेक वर्षे ध्यान करणाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भीती, झोप उडणे, भावना बधिर होणे, आपण आपल्यापासूनच तुटलो आहोत असे वाटणे, असे त्रासदायक अनुभवही नोंदले गेले. मनाचा तळ ढवळला की नुसते मोतीच वर येतील असे कुणी समजू नये. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, आणि शिबिरे घेणाऱ्यांनी त्यांना हे स्पष्ट सांगावे, हे शहाणपणाचे आहे.

या अभ्यासांतून निघणारी एक गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. अनुभव आला म्हणजे माणूस पालटला असे होत नाही. क्षणभर सगळे जग एक आहे असे वाटणे निराळे आणि शेजाऱ्याशी सरळ वागणे निराळे. मराठी माणसाकडे यासाठी दोन जुने, झिजलेले पण नेमके शब्द आहेत, ते म्हणजे प्रपंच आणि परमार्थ. या दोहोंचा सांधा कसा जुळवायचा हा वारकरी परंपरेचा मध्यवर्ती प्रश्न होता. सावता माळी अरणच्या मळ्यात राबले, गोरा कुंभारांनी चिखल तुडवला, तुकोबांनी देहूत दुकानही केले आणि दिवाळेही पाहिले. संसार सोडून वनात जा, असे या मंडळींनी सांगितले नाही. हातातले काम चालू ठेवून चित्त जागे ठेवा, हा त्यांचा आग्रह.

अगदी अलीकडचे उदाहरण मुंबईतलेच आहे. खेतवाडीत विडीचे दुकान चालवणारे मारुती कांबळी, पुढे निसर्गदत्त महाराज म्हणून जगाला कळले. १९३६ साली त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज वारले, तेव्हा घरदार सोडून ते उत्तरेला निघाले. हिमालयात जाऊन विरक्त व्हावे असा बेत होता. पण वाटेत विचार पालटला आणि ते परतले. धंद्याचा पसारा आटला होता, उरलेले छोटे दुकान होते, बायकामुले होती. तिथेच ते राहिले. १९७३ साली मॉरिस फ्रीडमन यांनी त्यांची मराठी प्रवचने इंग्रजीत आणली, तेव्हा देशोदेशीचे जिज्ञासू त्या गल्लीतला जिना चढून त्यांच्या पोटमाळ्यावर येऊ लागले. १९८१ साली वारले तोपर्यंत महाराज त्याच घरात होते. त्यांच्या आयुष्यातला निर्णायक प्रवास कोणता, असे विचारले तर उत्तरेकडे जाण्याचा नव्हे, तेथून खेतवाडीला परत येण्याचा, असेच म्हणावे लागेल.

तरीही इथे थांबून चालणार नाही. प्रपंच सांभाळून परमार्थ करा, हे सांगणे सोपे आहे. पण प्रपंच सांभाळतो कोण? दहा दिवस शिबिराला जाणाऱ्या पुरुषाच्या मागे घर चालू राहते, कारण ते कुणीतरी चालू ठेवते. बाईने दहा दिवस जायचे म्हटले तर सासूबाईंची औषधे, मुलांचे डबे, कुकरच्या शिट्ट्या या सगळ्यांची सोय लावता लावता शिबिराची तारीख उलटून जाते. सकाळी तासभर डोळे मिटून बसलेल्या माणसाला उठल्यावर चहा कोण देते, हा प्रश्न क्षुल्लक नाही. घरातल्या एकाची शांती दुसऱ्याच्या धावपळीवर उभी असेल तर तिचा हिशेब कुठे तरी चुकला आहे. रोजंदारीवरच्या मजुराला तर दहा दिवस म्हणजे दहा दिवसांची मजुरी. शुल्क नसले तरी शिबिर त्याला फुकट पडत नाही.

याहून मूलगामी आक्षेप महाराष्ट्रातच घेतला गेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची रूढ कथा नाकारली. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून वैराग्य आले, हे त्यांना पटत नव्हते. त्यांच्या मांडणीत शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे गृहत्यागाचे कारण आहे. धर्म माणसाचा खासगी मामला असू शकेल, पण धम्म हा माणसामाणसांतल्या व्यवहाराचा असतो, ही त्यांची भूमिका. म्हणूनच अनेक आंबेडकरवादी कार्यकर्ते आजही विचारतात की, अन्यायाने पेटलेल्या माणसाला संवेदना नुसत्या बघत बसायला सांगणे म्हणजे त्याची आग विझवणे नव्हे काय? याच समाजातले हजारो लोक आवडीने शिबिरांना जातात, हेही खरे. हा वाद मिटलेला नाही आणि लवकर मिटू नये. कारण तो ध्यानाला प्रामाणिक ठेवतो.

तिहारचा प्रयोग या संदर्भात पुन्हा आठवावा. १९७५ साली जयपूरच्या तुरुंगात झालेल्या शिबिरानंतर या विद्येने तुरुंगाचे दार ओलांडले होते. किरण बेदी तिहारच्या प्रमुख असताना १९९३ च्या अखेरीस तिथे शिबिरे सुरू झाली आणि एप्रिल १९९४ मध्ये गोयंकांच्या उपस्थितीत हजारावर कैदी एकाच वेळी बसले. त्यातून काही माणसे खरोखर पालटली, सूडाची गाठ सुटली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पण त्यांचा अकरावा दिवस त्याच भिंतींच्या आत उजाडला. बराकी तशाच गच्च भरलेल्या होत्या आणि बहुसंख्य कैदी खटला न संपलेले कच्चे कैदी होते. ध्यानाने कैद्याचा राग निवला म्हणून न्यायालयाची तारीख लवकर लागत नाही. कैद्याने मनाचे काम करावे आणि व्यवस्थेने आपले काम करावे. पहिले होत आहे म्हणून दुसऱ्याला सुट्टी मिळता कामा नये.

मग ध्यानाचे मोल काय? राग आणि त्यावरची कृती यांच्यामध्ये क्षणभराची जागा मोकळी करणे, हे त्याचे साधे, पण मोठे काम आहे. अपमानाचा शब्द कानावर पडतो, छातीत कळ उठते, आणि ती कळ उठली आहे हे कळते. त्या एका क्षणात माणूस ठरवू शकतो. मुलावर हात उगारायचा की नाही, खोट्या बिलावर सही करायची की नाही, आणि अन्याय दिसत असताना गप्प बसायचे की नाही. आंबेडकरवादी कार्यकर्त्याच्या प्रश्नाचे उत्तर याच जागी सापडण्यासारखे आहे. आंधळा राग लवकर थकतो किंवा भलत्यावर निघतो. डोळस झालेला राग वर्षानुवर्षे टिकतो आणि काम करतो. ध्यानाने राग डोळस होत असेल तर ते लढ्याच्या कामाचे आहे. राग उठण्याचे कारणच दिसेनासे होत असेल तर ते अफूच्या जवळ गेले, असे समजावे.

शिबिर संपताना साधकाला सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगतात. बहुतेकांचे ते काही आठवड्यांत सुटते, आणि मग आपण कमी पडलो ही टोचणी तेवढी उरते. पण दोन तास बसणे हाच काही शेवटचा मापदंड नव्हे. उरलेल्या २२ तासांत काय झाले, हे साधकाला कळण्यापूर्वी घरच्यांना कळते. आवाज खाली आला का, ऐकून घेणे वाढले का, कामाची वाटणी बदलली का, हाताखालच्या माणसाला वेळेवर सुट्टी मिळू लागली का? अनुभव किती उंच होता, याला साक्षीदार नसतो. या प्रश्नांना मात्र घरात, कचेरीत आणि गल्लीत साक्षीदार असतात.

म्हणून पुढच्या खेपेला ओळखीतले कुणी इगतपुरीहून परत आले, तर तिथे काय अनुभव आला हे त्याला जरूर विचारावे. मात्र महिनाभर थांबून एक प्रश्न त्याच्या बायकोला, मुलाला आणि हाताखालच्या कारकुनालाही विचारावा. अकराव्या दिवसाचे खरे वृत्त त्यांच्याकडेच मिळेल.