डायव्हरांनो, दुसरी बाटली घेण्याआधी लिटर मोजा

पावसाळा सरला की मालवण-तारकर्लीच्या होड्या पुन्हा पाण्यात उतरतील आणि मुंबई-पुण्याचे गट नेत्राणीची, अंदमानची बुकिंगं करतील. सामानाची खरेदी आत्ताच सुरू आहे. अनेकांच्या यादीत दीड वीत लांबीची, वरच रेग्युलेटर बसवलेली हवेची बाटली आहे. ‘इमर्जन्सीला असू दे’ म्हणून ती घेतली जाते. लायसन्स असलेल्या प्रत्येक डायव्हरला कळकळीची विनंती आहे, पैसे भरण्याआधी दोन मिनिटं कागद-पेन घेऊन बसा.

या जातीच्या मोठ्या बाटलीतसुद्धा साधारण 85 लिटर हवा मावते. जाहिरातीतला पन्नासहून अधिक श्वासांचा आकडा खोटा नाही, पण तो पाण्याच्या पृष्ठभागावरचा आहे. वीस मीटरवर दाब तिप्पट असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा जाते. त्यात घाबरलेला माणूस मिनिटाला सहज 30 लिटर ओढतो. वीस मीटरवर हे 90 लिटर झाले. बाटली एका मिनिटाच्या आत रिकामी, आणि तुम्ही अजून तळाशीच.

विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेचं उदाहरण घ्या. तिचा माथाच वीसेक मीटर खोल आहे. तिथे हवा तुटली तर दुसरा रेग्युलेटर तोंडात घेतल्यावर सावरून वर निघेपर्यंत एक मिनिट धरा: 90 लिटर. मिनिटाला 9 मीटर या वेगाने वर यायला सव्वादोन मिनिटं, सरासरी दाब दुप्पट: सुमारे 135 लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा: आणखी 135. बेरीज 360. थांबा सोडून दिला, आणि खरोखर जिवावर बेतलं तर तो सोडावाच, तरी 225 लागतात. 85 लिटरची बाटली इथे कुठेच बसत नाही. दहा मीटरवरून लगेच निघालात तर ती तुम्हाला वर आणेल, पण दहा मीटरवरून हळूहळू श्वास सोडत वर यायला तुम्हाला शिकवलेलंच आहे.

म्हणून घ्यायचीच असेल तर पोनी बाटली घ्या. दोन लिटरची बाटली 200 बारला भरली की 400 लिटर होतात. वीस मीटरला पुरतात, जेमतेम. तीस मीटरला याच हिशेबाने पाचशेच्या वर लागतात, तिथे तीन लिटरचीच हवी. तिला स्वतःचा पूर्ण रेग्युलेटर आणि स्वतःचा गेज असला पाहिजे. ऑक्टोपस आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की तो तुमच्याच सिलिंडरवर आणि तुमच्याच फर्स्ट स्टेजवर चालतो. तो बडीसाठी आहे. सिलिंडर संपला की तोही संपला. बडी हाताच्या अंतरावर असेल तर त्याची हवा हाच सर्वांत चांगला दुसरा साठा, पण फोटो काढता काढता बडी किती लांब जातो हे आपण सगळेच जाणतो.

हातपंपाने भरायच्या स्वस्त बाटल्या ऑनलाइन दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. गॅरेजच्या टायरच्या कॉम्प्रेसरवर बाटली भरून आणणं तर जिवाशी खेळ आहे. त्या हवेत तेलाची वाफ, कार्बन मोनॉक्साइड काहीही असू शकतं. डाइव्ह सेंटरच्या श्वसनयोग्य हवेच्या कॉम्प्रेसरवरच भरा.

पोनीच्या रेग्युलेटरला वेगळ्या रंगाचं माउथपीस लावा आणि ते छातीजवळ ठेवा. उतरताना चुकून त्यावरच श्वास घेत गेलात, तर राखीव हवा आधीच संपते आणि ते कळतं नेमकं गरजेच्या वेळी. प्रत्येक डाइव्हआधी तिचा गेज बघा. उथळ पाण्यात डोळे मिटून ती शोधण्याचा सराव करा. आणि पोनी आहे म्हणून तळाशी पाच मिनिटं जास्त थांबायचं ठरवलंत, तर ती घरी ठेवलेली बरी.

विमानात भरलेला सिलिंडर नेता येत नाही. तेव्हा बुकिंगच्या फोनवरच सेंटरला विचारा: दोन किंवा तीन लिटरची पोनी, वेगळ्या रेग्युलेटरसह, भाड्याने मिळेल का? उत्तर ‘नाही’ आलं आणि बडीही अनोळखी असेल, तर यंदा दहा-बारा मीटरच्या खाली जाऊ नका.