करभार आणि कंबरेचा घेर

लठ्ठपणा शासकीय धोरणाने घटू शकतो काय? ब्रिटनचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे एप्रिल २०१८ पासून शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर आहे. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असल्यास कर नाही; ८ ग्रॅम वा अधिक असल्यास दर सर्वाधिक. कराची घोषणा २०१६ मध्येच झाल्याने अनेक उत्पादकांनी तो लागू होण्यापूर्वीच साखर घटवली. पुढे झालेल्या अभ्यासात १०-११ वर्षांच्या मुलींमधील लठ्ठपणा अपेक्षेपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी आढळला. मुलग्यांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे यश आहे, पण मर्यादित.

आपल्याकडे वायुयुक्त शीतपेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. परंतु साखर निम्मी केली तरी दर तोच. मग उत्पादकाने ती का घटवावी? सप्टेंबर २०२५ च्या दरबदलात पाकीटबंद फरसाण तर १२ वरून ५ टक्क्यांवर आले. व्यापारी म्हणून आपण त्याचे स्वागत केले. पालक म्हणूनही त्याचा विचार व्हावा.

शासनाने कर साखरेच्या प्रमाणाशी जोडावा, ही मागणी रास्तच आहे. तथापि कायदा दुकानापर्यंत पोहोचतो, ताटापर्यंत नाही. आपल्या बाह्य तपांत अनशनानंतर लगेच ऊणोदरी येते: भूक थोडी शिल्लक असतानाच उठणे. उपवासाची अनुमोदना आपण थाटाने करतो. स्वामीवात्सल्याच्या पंगतीत मात्र ऊणोदरी करणाऱ्यालाच आग्रहाने आणखी एक मिठाई वाढतो. निदान हा आग्रह थांबवण्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही.