सुट्टी कोणाची, सेवा कोणाची?

आचोळ्याच्या आमच्या गृहसंकुलातील एक शिक्षक दांपत्य परवा एक माहितीपत्रक घेऊन आमच्याकडे आले. थायलंडमधील एका हत्तीकेंद्रात सहकुटुंब आठवडाभर राहावयाचे, हत्तींसाठी चारा कापावयाचा, त्यांचे तबेले झाडावयाचे, शेजारच्या खेड्यातील शाळेची भिंत रंगवावयाची आणि या सर्व सेवेबद्दल आपणच पैसे मोजावयाचे, अशी ती योजना होती. तिला ‘जबाबदार पर्यटन’ असे नाव दिलेले होते. मुलांना बाजारपेठांतून हिंडविण्यापेक्षा हे बरे नव्हे काय, असे त्या दांपत्याने विचारले. प्रश्न प्रामाणिक होता. म्हणून तो थट्टेवारी न नेता त्याचा विचार करणे योग्य होईल.

सुट्टीत श्रम करावयास जाणे ही कल्पना आपल्या चळवळीला नवीन नाही. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाने ती महाराष्ट्राच्या तरुण मनात रुजविली. बाबा आमटे यांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तेव्हा तिकडे जाणाऱ्या शहरी मुलांची रीघ लागली. प्रस्तुत लेखक विद्यार्थीदशेत त्या छावणीत राहून आला आहे. तेथे आम्हांला कोणते काम आवडेल, असे कोणी विचारले नाही. जे काम निकडीचे होते ते हाती दिले गेले. हाताला घट्टे पडले, छायाचित्र मात्र एकही निघाले नाही. आपली सेवा म्हणजे आपली करमणूक नव्हे, एवढे त्या मुक्कामात कळले.

हा भेद आमच्या परिसराने फार पूर्वी पाहिला आहे. आचोळ्यापासून सोपारा दूर नाही. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा विषयच मुळी सहलींचा आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी व मौजेसाठी विहारयात्रेस निघत. अशोकाने ती चाल सोडून धर्मयात्रा सुरू केली आणि तीत वृद्धांची भेट, दान व जानपद जनांचे, म्हणजे खेड्यापाड्यांतील लोकांचे दर्शन यांचा समावेश केला, असा त्याचा आशय आहे. माहितीपत्रकातील सहल ही विहारयात्रा की धर्मयात्रा, हे ठरविण्यासाठी पैसा, श्रम आणि निर्णय या तिन्ही बाबी तपासल्या पाहिजेत.

प्रथम पैशाचा विचार करू. थायलंडमध्ये महापुरानंतर १९८९ साली जंगलतोडीवर बंदी आली. बंदी आवश्यकच होती. परंतु लाकूड ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एका फटक्यात बेकार झाले. राज्यसंस्थेने त्यांची पुरेशी जबाबदारी घेतली नाही. पर्यटनाने ती आपल्या पद्धतीने घेतली. आरंभी पाठीवर बसवून फेरी व खेळ, आणि लोकांची सदसद्विवेकबुद्धी जागी झाल्यावर आंघोळ, चारा व ‘सेवा’! हत्तीला साखळी व अंकुशाच्या जाचातून सोडविणारी काही केंद्रे तेथे खरोखर चांगले काम करीत आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि २०२० साली महामारीमुळे पाहुण्यांचे येणे थांबले, तेव्हा कित्येक माहुतांना हत्तींसह मैलोन् मैल पायपीट करून आपल्या खेड्यांकडे परतावे लागले. दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खाणाऱ्या प्राण्याचे पोट दूरदेशीच्या सुट्ट्यांवर अवलंबून ठेवणे, ही अर्थव्यवस्था नव्हे. तो जुगार आहे, आणि त्यात हरणारा पक्ष आधीच ठरलेला आहे.

याच्या तुलनेस आपल्याच राज्यातील एक उदाहरण घ्यावे. गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यात कमलापूर येथे वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. येथील हत्तीही मूळचे लाकूड ओढणारे कामगार. त्या कामाची गरज संपली तरी ते बाजारात उभे राहिले नाहीत. त्यांच्या चाऱ्याचा व माहूत-चाराकटरांच्या वेतनाचा भार सार्वजनिक तिजोरीवर राहिला. दरवर्षी थंडीत या हत्तींना काही दिवस विश्रांती देतात, त्यांच्या पायांना औषधी काढ्याने ‘चोपिंग’ करतात आणि तेवढ्या काळात पर्यटकांना मज्जाव असतो. म्हणजे येथे हत्तीला हक्काची रजा मिळते! २०२२ साली येथील काही हत्ती गुजरातेत जामनगरच्या खासगी केंद्रात हलविण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा स्थानिक लोकांनी कडाडून विरोध केला आणि कमलापूरचे हत्ती जागीच राहिले. गावाचा शब्द चालू शकतो, हे त्यावरून दिसले.

मात्र गावाचे प्रेम हा अंतिम निकष मानण्याची चूक आपण करू नये. नांदणी येथील जैन मठाची महादेवी हत्तीण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला नेण्यात आली, तेव्हा कोल्हापूर जिल्हा हळहळला आणि हजारो लोक पायी निघाले. ती माया खरी होती. परंतु एकट्या हत्तिणीचे आरोग्य आणि तिचे कळपाशिवायचे जिणे हा न्यायालयापुढील प्रश्नही तितकाच खरा होता. हत्ती ना मठाचे भूषण आहे, ना धनिकाचा संग्रह, ना पाहुण्याचे खेळणे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आत्मा तरी हाच आहे.

आता खऱ्या दुखण्याकडे वळू. २००२ साली कर्नाटकातील हत्ती तिलारीच्या खोऱ्यातून दोडामार्ग तालुक्यात उतरले. तेव्हापासून तेथील शेतकरी जी ‘हत्तीसेवा’ करीत आहे, ती कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नाही. मोर्ले, केर, हेवाळे या गावांतील माड, पोफळी, केळी आणि भातशेती यांवर हत्तींचे पोट भरते. एप्रिल २०२५ मध्ये मोर्ले येथे एका वृद्ध शेतकऱ्याने तर प्राणच गमावला.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक भेद स्पष्ट केला पाहिजे. भाताचे नुकसान हे एका हंगामाच्या उत्पन्नाचे नुकसान असते. माड किंवा पोफळ कोसळणे हा भांडवलाचा नाश असतो. माड फळाला येण्यास पाच-सात वर्षे लागतात आणि पुढे तो काही दशके उत्पन्न देतो. शेंड्यातील कोवळ्या गाभ्यासाठी हत्ती तो एका रात्रीत आडवा करतो. अशा झाडाची भरपाई एकरकमी ठरविताना त्याचे उरलेले आयुष्य हिशेबात धरले नाही, तर फरकाची रक्कम शेतकऱ्याच्या खिशातून जाते. म्हणजे राष्ट्राच्या वारशाचे संरक्षण राष्ट्र करीत नाही. ते दोडामार्गचा अल्पभूधारक करतो, आणि त्याला कोणी स्वयंसेवक म्हणत नाही.

म्हणून त्या शिक्षक दांपत्याला आम्ही असे सांगितले की, जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. पहिला प्रश्न, जे काम तुम्ही करणार ते गावाने सभेत ठरविले आहे काय, की पाहुण्यांना आवडेल म्हणून योजले आहे? दुसरा, तुम्ही चारा कापाल तेव्हा तो कापणाऱ्या माणसाचा रोज बुडणार नाही ना? विनामूल्य श्रम हे दिसावयास पुण्यकर्म असते, पण श्रमाच्या बाजारात ते मजुरी पाडते. आठ दिवसांच्या हौशी रंगाऱ्यांनी गावच्या रंगाऱ्याचे काम घेणे याला सेवा म्हणता येत नाही. तिसरा, तुमच्या समाधानासाठी हत्तीला काही करून दाखवावे लागते काय? लागत असेल, तर अंकुश कोठे तरी लपविलेला आहे, असे समजावे.

यावर कोणी म्हणेल की, पाहुण्यांचा पैसा गावात येतो तो काय वाईट? मुळीच नाही. घरोघरी राहण्या-जेवणाची सोय करून शेतकऱ्याने चार पैसे मिळविले, तर ते त्याच्या कष्टाचे आहेत. आमचा आक्षेप वेगळा आहे. पाहुण्याच्या दयेने शासनाच्या कर्तव्याची जागा घेतली की हक्काचे रूपांतर भिक्षेत होते. मग भरपाईचा अर्ज मागे पडतो आणि पाहुण्यांच्या स्वागताची कमान पुढे येते.

कार्यकर्त्यांपुढे यातून एक करण्याजोगे काम दिसते. वसई-विरारमध्ये सिंधुदुर्गातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. सुट्टी लागली की ती गावी जातात. त्यांच्याबरोबर आपणही मुलाबाळांसह जावे, परंतु ग्रामसभेने बोलावल्यानंतर आणि यजमानाला राहण्या-जेवणाचा रास्त दर देऊन. हत्तीच्या जवळ जाण्याचे कारणच नाही. ते काम वनखात्याचे व जाणत्यांचे. आपण बागांत दिवसाउजेडी हिंडून पडलेल्या माडा-पोफळींची मोजदाद करावी, पंचनाम्याच्या प्रती व नाकारलेले अर्ज गोळा करावेत, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून द्यावेत आणि गावाची एक नोंदवही तयार करून ती ग्रामसभेच्या हाती ठेवावी. झाडाच्या उरलेल्या आयुष्यानुसार भरपाई मिळावी, ही मागणी त्या नोंदवहीच्या आधारे विधिमंडळापर्यंत नेता येईल. मुलांनाही एक माड मोजताना त्यामागची वीस वर्षे दिसतील. शाळेत न मिळणारे हे शिक्षण आहे.

ते दांपत्य माहितीपत्रक आमच्याकडेच ठेवून गेले. जाताना त्यांनी दोडामार्गला जाणाऱ्या गाडीची चौकशी केली. त्यांच्यासारखी दहा कुटुंबे तयार झाली, तर येत्या सुट्टीतच या कामाचा आरंभ करता येईल. ती मिळविण्याचे काम आपल्या शाखांनी आजपासून हाती घ्यावे.