परसबागेचे अपयश कोणाचे?

दरवर्षी १ जुलैला महाराष्ट्रात कृषिदिन साजरा होतो. पुसद तालुक्यातील गहुली येथे १९१३ साली याच दिवशी वसंतराव नाईकांचा जन्म झाला. १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्रिपद सांभाळताना राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण व्हावे, याचा त्यांनी ध्यास घेतला होता. त्याच पुसदच्या परिसरात आज कापूस पिकविणाऱ्या घरालाही बहुधा भाजीसाठी आठवडी बाजाराची वाट पाहावी लागते, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

पूर्वी असे नव्हते. पऱ्हाटीच्या तासांमधून अंबाडी व बरबटी पेरण्याची रीत होती आणि पावसाळ्यात घोळ, तरोटा, चिवळ यांसारख्या रानभाज्या बांधावर आपोआप मिळत. एकसुरी पीक आणि तणनाशके आली, तशी ही फुकटची भाजी शेतातून हद्दपार झाली. विकतच्या भाजीवर कोणते औषध किती फवारले, हे गृहिणीला कळण्याचा मार्ग नाही. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. केवळ पालेभाजीने हा विकार हटणार नाही हे खरे. परंतु जेवणातून तीही हरवावी, हे खचितच परवडणारे नाही.

परसबाग लावा, असा उपदेश करणाऱ्यांची वानवा नाही. तथापि, ज्यांनी एकदा लावून पाहिली त्यांपैकी कित्येकजण ‘आमच्या हाताला यश नाही’ असे म्हणून कायमचे थांबतात. वस्तुतः दोष हाताचा नसून निवडीचा आणि वेळेचा असतो. नवखा माणूस हौसेने प्रथम टोमॅटो, फुलकोबी, ढोबळी मिरची यांकडे वळतो. यांना रोपवाटिका हवी, भरपूर खत हवे, किडींवर पाळत हवी. फुलकोबीला थंडी लागते, तर कडक उन्हात टोमॅटोची फुले गळतात. अनुभवी माळ्याचीही परीक्षा पाहणारी ही पिके नवशिक्याच्या गळ्यात मारणे म्हणजे पहिलीतल्या मुलापुढे मॅट्रिकची प्रश्नपत्रिका ठेवण्यासारखे आहे.

याउलट काही भाज्या चुका पोटात घालणाऱ्या आहेत. पावसाळ्याच्या आरंभी भेंडी, गवार, बरबटी, अंबाडी आणि दोडका यांचे बी थेट जमिनीत टोचावे. भेंडी सुमारे दीड महिन्यात तोडणीला येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण केवडा रोगाला तोंड देणारा म्हणूनच नावाजला गेला. दोडक्याचा वेल छपरावर चढविला की जागेचीही तक्रार उरत नाही. दिवाळीच्या सुमारास मेथी, पालक, मुळा आणि सांबार, म्हणजेच कोथिंबीर, पेरावी. मेथी महिन्याभरात ताटात येते, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. आणि ज्यांना दररोजची निगा शक्य नाही, त्यांनी पावसाच्या तोंडावर शेवग्याची एक फांदी रोवावी. एकदा मूळ धरले की हे झाड विदर्भाचा उन्हाळा सोसते आणि शेंगांबरोबर पालाही देते.

अपयशाची कारणेही ठराविकच असतात. काळी जमीन पाणी धरून ठेवते. सपाट वाफ्यात मुळे कुजतात आणि लावणाऱ्याला वाटते, पाणी कमी पडले. यासाठी वाफा वीतभर उंच करावा आणि बोटाने माती चाचपूनच पाणी द्यावे. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पटींहून खोल गाडू नये. धने अखंड न पेरता रगडून दोन फाकी कराव्यात व रात्रभर भिजवावे. त्यांना उगवावयास आठ-दहा दिवस किंवा त्याहून अधिक लागतात. चौथ्या दिवशी माती उकरून पाहणाऱ्यांची कोथिंबीर उगवत नाही, यात नवल ते काय? शेण कुजलेले असावे, ताजे नव्हे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने नागरिकांना अंगणात भाजीपाला लावण्याची हाक दिली, तेव्हा केवळ घोषणेवर न थांबता काय, केव्हा व कसे पेरावे याची पत्रके घरोघर पोहोचविली. नवशिक्याला स्फूर्तीपेक्षा अशा वेळापत्रकाची गरज अधिक असते.

कृषिदिनी हारतुरे व भाषणे होतात, रोपे वाटली जातात. नेमकी तीच वेळ पावसाळी भाज्यांच्या पेरणीची असते. वसंतरावांच्या तालुक्याने या दिवशी प्रत्येक शाळेतून व अंगणवाडीतून भेंडी, गवार, बरबटी, अंबाडी व दोडका यांच्या पाच पुड्या आणि दहा ओळींचे पत्रक घरोघर द्यावे. हिवाळ्याच्या तोंडावर दुसरा हप्ता द्यावा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाला बियाणे व मार्गदर्शन पुरविणे अवघड जाऊ नये. खर्च अल्प आहे, जमीन घराशेजारीच आहे, पाणी भांडी विसळल्याचेही चालेल.

कोणी म्हणेल, एवढ्याने शेतकऱ्याचे कर्ज फिटणार आहे काय? अर्थातच नाही. परंतु आज पदरचे पैसे मोजून जे आणले जाते, ते उद्या अंगणातून येईल आणि ते कसे वाढले हे घरातल्या लहानथोरांना ठाऊक असेल. पहिल्याच हंगामात ज्याच्या वाफ्यातून मेथीची जुडी निघते, तो दुसऱ्या हंगामात टोमॅटोही लावू शकतो. पहिल्याच हंगामात ज्याचा टोमॅटो जळतो, तो मात्र मेथीलाही मुकतो.