सराईत साक्षीदार

डेव्हिड हेडलीला मुंबईच्या विशेष न्यायालयानं १० डिसेंबर २०१५ रोजी माफीचा साक्षीदार केलं, याचा राग आजही निघतो. मुंबई हल्ल्यासाठी ताज हॉटेलची रेकी करणाऱ्याला माफी? राग खरा आहे, नेम चुकलाय. हेडली तेव्हा अमेरिकेत ३५ वर्षांची शिक्षा भोगत होता. फाशी द्यायची नाही, भारताच्या हवाली करायचं नाही, हे तिथल्या सरकारनं २०१० मध्येच कबूल करून टाकलं होतं. जो हाती लागणारच नव्हता, त्याला माफी देऊन आपलं गेलं काय?

घोडचूक झाली ती फार आधी. १९८८ मध्ये हा माणूस, तेव्हाचा दाऊद गिलानी, फ्रँकफर्टच्या विमानतळावर हेरॉइनसह सापडला. त्यानं लगेच साथीदारांची नावं दिली. साथीदारांना आठ आणि दहा वर्षं, याला चार. १९९७ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा हेरॉइन, पुन्हा तोंड उघडायची तयारी. अमली पदार्थविरोधी खात्यासाठी खबरेगिरी केली आणि १५ महिन्यांवर सुटला. २००१ मध्ये सुटकेनंतरची देखरेखही मुदतीआधीच उठली. २००२ मध्ये तो लष्कर-ए-तय्यबाच्या छावणीत होता. २००५ मध्ये बायकोनं न्यूयॉर्कमध्ये तपास यंत्रणेला सांगून पाहिलं, उपयोग शून्य. २००६ मध्ये नाव बदललं आणि मुंबईत ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये इमिग्रेशनचं ऑफिस थाटलं.

चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, असं अशा सौद्यांचे समर्थक म्हणतात. म्हणणं बरोबरच आहे. साजिद मीर, मेजर इक्बाल ही सूत्रधारांची नावं, हल्ल्याआधीचे दोन फसलेले प्रयत्न, हे सगळं आतल्या माणसानंच सांगायचं. पण माहिती विकून जगलेल्याला गिऱ्हाइकाचा चेहरा वाचता येतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हिडिओवर साक्ष चालू असताना सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी लष्करची महिला हस्तक कोण हे विचारताना त्याच्यापुढे तीन नावं ठेवली. त्यानं गुजरातमध्ये चकमकीत मारल्या गेलेल्या इशरत जहाँचं उचललं. तेही स्वतः पाहिलेलं नव्हे, लष्करच्या लखवीकडून ऐकलेलं. शाळेतल्या पेपरात ठीक, साक्षीत पर्याय कसले देता? तिकडे शिकागोत २०११ च्या खटल्यात तो मुख्य साक्षीदार होता, तरी ज्यूरीनं त्याचा मित्र तहव्वूर राणा याला मुंबई हल्ल्याच्या आरोपातून सोडलं; दोषी धरलं ते डेन्मार्कमधल्या वृत्तपत्रावरच्या हल्ल्याचा कट आणि लष्करला मदत यासाठी.

तरीही माफी जरूर द्यावी. आपल्या कायद्यातही ती फुकट नाही: सगळं खरं सांगायची अट असते, आणि गुन्ह्यातल्या भागीदाराच्या शब्दाला स्वतंत्र पुरावा जोडून पाहायचा दंडकही आहे. मात्र सवलत एकदाच मिळावी, आणि ती देणाऱ्या अधिकाऱ्यानं सुटलेल्या माणसावरची नजर काढू नये. नजर काढली, तर त्याचाही जाब विचारावा. १९९७ नंतर हा जाब कुणाला द्यावा लागला?

२०१३ मध्ये शिक्षा सुनावताना न्यायाधीश लायननवेबर यांनी सांगितलं की हेडली बदललाय यावर आपला विश्वास नाही. अमेरिकेच्या न्यायासनावरून हे ऐकू यायला तिसरा सौदा व्हावा लागला. तोवर मुंबईत १६६ माणसं मेली होती.