खाडीच्या वाट्याचे पाणी

ऑगस्टमध्ये कोकणातल्या नद्या दुथडी भरून वाहू लागल्या की एक वाक्य हमखास कानावर येते. एवढे पाणी समुद्रात वाया जाते आणि इकडे मराठवाडा तहानलेला! भाषणात ते येते, चर्चेत येते, आणि पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी घाटमाथ्यावर उचलण्याच्या प्रत्येक योजनेच्या मुळाशी तेच असते. नार-पार-गिरणा असो वा दमणगंगा-वैतरणा-गोदावरी, म्हादईच्या वादातही हाच शब्द ऐकू येतो. कोकणपट्टीकडे राज्याचा जेमतेम दहा टक्के भूभाग आणि उपलब्ध पाण्याचा मात्र निम्म्याच्या आसपास वाटा, हा हिशेब खोटा नाही. खोटा आहे तो ‘वाया’ हा शब्द. नदीचे पाणी समुद्राला मिळते तेव्हा ते कुणाच्या तरी उपयोगी पडत असते. तो उपयोग पाटबंधाऱ्याच्या वहीत नोंदवला जात नाही, एवढेच. आणि जे वहीत नाही ते शिल्लक आहे असे धरून आपण पाणी वाटायला बसलो आहोत.

शाळेत शिकवलेले जलचक्र इथे नीट आठवायला हवे. पृथ्वीवरच्या समुद्रांतून वर्षाला चार लाख घनकिलोमीटरहून अधिक पाण्याची वाफ होते. त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग पाऊस होऊन पुन्हा समुद्रावरच पडतो. उरलेले सुमारे चाळीस हजार घनकिलोमीटर पाणी वाऱ्याबरोबर जमिनीवर येते आणि जवळपास तेवढेच नद्यांवाटे समुद्राकडे परत जाते. म्हणजे नदी ही या चक्रातली परतफेड आहे. ती नुसती पाण्याची नसते. नदी गाळ नेते, वाळू नेते, खडकांतून विरघळलेली सिलिका आणि रानातल्या पाचोळ्याचे सत्त्व नेते. आपल्या मान्सूनशीही या परतफेडीचा संबंध आहे. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांचे गोडे पाणी आणि पाऊस मिळून वरच्या थरात पसरतात. हा हलका थर खालच्या खाऱ्या, थंड पाण्यात सहज मिसळत नाही, म्हणून पृष्ठभाग उबदार राहतो आणि त्यावर ढग तयार होत राहतात. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांच्या उष्णतेचा ताळेबंद मांडून हेच दाखवले होते. २०२३ मध्ये मुंबई आयआयटीच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासाने आणखी एक इशारा दिला. नद्या जोडून ते पाणी सिंचनाला वापरले तर जमीन आणि हवा यांच्यातली देवाणघेवाण बदलते आणि आधीच टंचाई असलेल्या काही भागांत सप्टेंबरचा पाऊस बारा टक्क्यांपर्यंत घटू शकतो. हा प्रारूपावरचा निष्कर्ष आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. पण ज्या योजनेतून पाणी वाढायचे तिच्यातूनच पाऊस कमी होण्याची शक्यता असेल, तर ती तपासल्याशिवाय पुढे जाणे शहाणपणाचे नाही.

आता जगाचा नकाशा बाजूला ठेवून एका खाडीत उतरू. भरतीचे खारे पाणी आणि नदीचे गोडे पाणी जिथे भेटते तिथे ना धड समुद्र असतो ना धड नदी, आणि म्हणूनच तिथे जीवसृष्टी दाटीने नांदते. आपल्या ताटात येणाऱ्या अनेक जातींच्या कोळंबीची अंडी समुद्रात पडतात. अंड्यातून निघालेली नखाएवढीही नसलेली पिल्ले भरतीबरोबर खाडीत शिरतात, कांदळवनाच्या मुळांआड, निमखाऱ्या पाण्यात वाढतात आणि अंगाने भरली की समुद्राकडे वळतात. जाळ्यात सापडणारी कोळंबी समुद्रातली असली तरी तिचे बालपण नदीच्या पाण्यावर गेलेले असते. तिवर आणि कांदळ खाऱ्या पाण्यात तग धरतात, पण नुसत्या खाऱ्या पाण्यावर ती झाडे खुरटतात. त्यांना वर्षातून काही महिने गोड्या पाण्याची धार आणि ताजा गाळ लागतो. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाची तोड म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचे बजावले. झाडाला संरक्षण मिळाले. त्या झाडाला लागणाऱ्या गोड्या पाण्याला मात्र तसे संरक्षण नाही. वरच्या अंगाला, ओहोळांत, जूनचा पहिला तांबडा लोंढा आला की पोटात अंडी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध उसळ्या मारत भाताच्या खाचरांपर्यंत चढतात. कोकणात त्यांना चढणीचे मासे म्हणतात, कुठे वलगणीचे. या माशांना पंचांग लागत नाही, त्यांना त्या लोंढ्याची खूण लागते. वर बंधारा घालून पहिला लोंढा अडवला तर वर्षभराचे एकूण पाणी कागदावर तेवढेच दिसेल, पण त्या वर्षीची वीण चुकलेली असेल.

गोव्याच्या खाजन शेतीत ही गोष्ट शेतकऱ्याच्या पातळीवर दिसते. खाडीकाठची दलदल बांध घालून शेतीखाली आणलेली. बांधाला ठिकठिकाणी मानस, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरती आली की खाडीचे पाणी झडप दाबून दार आपोआप बंद करते आणि ओहोटीला शेतातले पाणी ते दार ढकलून बाहेर पडते. पावसाळ्यात वरून आलेले गोडे पाणी मातीतले मीठ धुऊन काढते, तेव्हाच कोरगुटासारखा खारेपण सोसणारा भात उभा राहतो. शतकानुशतके चाललेली ही व्यवस्था ‘वाया’ जाणाऱ्या पाण्यावर उभी आहे. म्हादई जललवादाने २०१८ मध्ये कर्नाटकला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. वाटपाचा वाद राज्याराज्यांत झाला. बांधाआतल्या भाताला आणि खाडीतल्या तिसऱ्यांना वकील नव्हता.

परतफेड थांबली की काय होते, याचे सर्वात ठळक उदाहरण इजिप्तचे आहे. आस्वानच्या मोठ्या धरणाने १९६०च्या दशकाच्या मध्यात नाईलचा पूर अडवला. १९६२ साली नाईलच्या मुखाजवळच्या समुद्रात सुमारे अठरा हजार टन तारली सापडत होती, १९६८ला ती पाचशे टनांच्याही खाली गेली. पुराबरोबर येणारे खाद्य बंद झाले होते. पुढे त्या भागातली मासळी पुष्कळशी सावरली, हेही सांगायला हवे, कारण धरणाचे समर्थक ते सांगतातच. पण ती सावरली ती मुख्यतः खतांचे आणि शहरांच्या सांडपाण्याचे पोषण समुद्रात गेल्यामुळे, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. गाळाचे तसे झाले नाही. नाईलचा त्रिभुज प्रदेश समुद्र आजही कुरतडतो आहे.

यावर पहिला आक्षेप जिव्हारी लागणारा आहे. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि तुम्ही कोळंबीची काळजी करता? माणसाच्या तहानेपुढे कोळंबी थांबू शकते, यात शंका नाही. म्हणूनच तहानेचा हिशेब आधी मांडू. २०११च्या जनगणनेनुसार मराठवाड्याची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या थोडी वर होती. माणशी रोज शंभर लिटर धरले तर वर्षाला सुमारे चोवीस टीएमसी पाणी लागते. आजची वाढलेली लोकसंख्या धरली तरी आकडा तीसच्या आत राहतो. एकट्या जायकवाडीचा उपयुक्त साठा शहात्तर टीएमसींहून अधिक आहे. मान्य, जायकवाडी दरवर्षी भरत नाही, आणि भरली तरी तिचे पाणी प्रत्येक तालुक्यात पोचत नाही. पण या आकड्यांवरून एवढे नक्की दिसते की टंचाई पिण्याच्या पाण्याच्या मागणीने आलेली नाही. राज्याच्या पीकक्षेत्रात चार टक्क्यांच्या आसपास असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा दोन तृतीयांश वाटा घेतो, हे कृषी मूल्य आयोगानेच नोंदवलेले आहे. त्या वाटपाला हातही न लावता ते तसेच ठेवायचे आणि सह्याद्रीपलीकडून पाणी उचलायचे, तर आलेले पाणीही त्याच वाटेने जाईल. मराठवाड्याच्या घोटासाठी जे पाणी लागेल ते जरूर न्यावे. त्या घोटाच्या नावावर मळ्यांसाठी नद्या वळवू नयेत, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप अभियंत्यांचा आहे आणि तो अधिक विचारपूर्वक केलेला असतो. आम्ही उन्हाळ्यातला प्रवाह घेतच नाही, फक्त पुराचे जादा पाणी घेतो, त्याने कुणाचे काय जाते? पण गाळ आणि वाळू वाहते ती पुरातच. खाडीचे तोंड मोकळे राहते ते पुराच्या रेट्याने. चढणीचे मासे निघतात ते पुराच्या हाकेला. जांभ्याच्या आणि काळ्या कातळाच्या या उतारावर पाणी फार टिकत नाही, म्हणून तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या कोकणातल्या वाड्यांनाही एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. त्यांच्या दृष्टीने ‘जादा’ पाणी कुठले? उलट टोकाचे उदाहरणही घरचेच आहे. कोयनेचे पूर्वेला जाणारे साडेसदुसष्ट टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवण्याची मुभा कृष्णा लवादाने दिली, आणि पोफळीच्या वीजगृहातून सुटलेले पाणी वाशिष्ठीत येते. तिथे नदीला तिच्या हक्काहून जास्त पाणी मिळते, तेही विजेच्या वेळापत्रकानुसार. अधिक गोडे पाणी म्हणजे अधिक चांगले, असा माझा दावा नाही. खाडीला तिच्या वेळेला, तिच्या मापाने पाणी लागते, आणि वार्षिक सरासरीत ही वेळ दिसत नाही.

हे अशक्य मागणे नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये गंगेच्या वरच्या भागासाठी महिन्यागणिक किमान प्रवाह ठरवला, कोरड्या महिन्यांत वीस टक्के आणि पावसाळ्यात तीस टक्के. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वैतरणा या नद्यांसाठी तसे आकडे ठरवणे राज्याच्या हातात आहे. पश्चिमवाहिनी नद्यांच्या प्रत्येक वळण योजनेच्या अहवालात एक रकाना वाढवावा: जून ते मे, दर महिन्याला खाडीच्या मुखाशी किती पाणी पोचेल. तो मराठीत छापावा आणि मंजुरीआधी खाडीकाठच्या ग्रामसभांपुढे, कोळीवाड्यांपुढे वाचून दाखवावा. तोवर पाणी समुद्रात वाया जाते असे कुणी म्हणाले, तर वाचकांनी त्यांच्याकडे हा आकडा मागावा.