ब्लाउजला कटोरी, मग कुर्त्याला का नाही?

विषय वाचून काही जण पुढे सरकतील, काही जणी गालातल्या गालात हसतील. हरकत नाही. इतकी वर्षं बातमीदारी करून एक कळलंय, की बायका ज्या विषयावर आवाज खाली करून बोलतात तो बहुतेक वेळा सगळ्या गावाचा विषय असतो. पाळीचं असंच होतं. आज लिहितेय ते छातीनं भरलेल्या बायकांच्या उन्हाळ्यातल्या कपड्यांबद्दल. पुरुष मंडळींनीही वाचावं, तुमच्याच घरातली गोष्ट आहे.

मे महिन्यातली दुपार आठवा. पारा चाळिशीला टेकलेला. दाराची बेल वाजते. घरातली बाई दार उघडायच्या आधी काय करते? खुंटीवरची ओढणी नाहीतर टॉवेल ओढून अंगावर घेते. गाऊनवर ओढणी हा आपल्याकडे बायकांचा उन्हाळी गणवेशच झालाय. त्यात आपल्याला काही वावगंही वाटत नाही.

आमच्या शेजारच्या वैनी सूस-नांदे बाजूच्या सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाला जातात. चार घरं. सकाळी सहाला बाहेर पडतात, दुपारी दोनला परत. गॅससमोर उभं राहून काम, आणि अंगावर काय, तर आत घट्ट ब्रा, तिच्यावर स्लिप, वर कुर्ता, त्याच्यावर दोन पिना लावलेली ओढणी. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी अचानक दोन घरं सोडली. विचारलं तर म्हणाल्या, "उन्हाचा त्रास होतोय." मीही मान डोलावली.

खरी गोष्ट पंधरा दिवसांनी कळली. छातीखाली घाम साचून, कातड्याला कातडं घासून जखम झाली होती. मेडिकलमधून एक ट्यूब आणून लावत होत्या. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा यायचं. "डॉक्टरकडं का नाही गेलात?" तर म्हणाल्या, "काय दाखवू ताई, आणि कुणाला?" शेवटी बाई डॉक्टर बघून त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी ट्यूब बघितली आणि कपाळाला हात लावला. तिच्यात स्टेरॉइड होतं. वरवर बरं वाटतं, पण बुरशी आत वाढत राहते. त्यांनी औषध बदलून दिलं आणि पुढचं एक वाक्य सांगितलं, "औषधाइतकंच कपड्याकडं बघा. मापाची सुती ब्रा घाला, ती भाग कोरडा राहू द्या."

दोन घरांचा पगार गेला होता. कारण काय, तर माप.

आता हे माप नक्की कुठं चुकतं ते बघू, कारण शाळेत ते कुणी शिकवत नाही आणि आयांनाही माहीत नसतं. दोन आकडे लागतात. एक छातीखालचा, टेप बरगडीवर घट्ट धरून. दुसरा छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागाचा. या दोघांतला फरक म्हणजे कप. ब्रिटिश पद्धतीत एक इंच फरक म्हणजे ए, दोन इंच बी, तीन सी, चार डी, पाच डीडी, सहा ई. समजा छातीखाली ३४ आणि छाती ४० आहे, तर माप झालं ३४ ई. आपल्याकडच्या दुकानात अशा बाईला काय मिळतं? दुकानदार अंदाजानं बघतो आणि "४० घेऊन जा" म्हणतो. ते असतं ४० बी. कप अपुरा आणि पट्टा सैल. ब्राचा खरा आधार छातीखालच्या पट्ट्यात असतो, खांद्याच्या पट्टीत नाही. खालचा पट्टा सैल झाला की सगळं वजन खांद्यावर येतं. खांद्याला पडलेले वळ, दुखणारी मान, पुढं झुकून चालायची सवय हे सगळं तिथून सुरू होतं. मग घरचे म्हणतात, "पोक काढून चालू नकोस."

कपड्यांचं गणितही तसंच बिघडलेलं. तयार कुर्ता छातीच्या एका आकड्यावर निघतो. आकडा वाढला की त्याच्याबरोबर खांदा, गळा, मुंढा सगळंच वाढवतात. पण बाई छातीनं भरलेली असली म्हणून तिचा खांदा रुंद नसतो. छातीप्रमाणे डबल एक्सएल घेतला तर खांदा दंडावर उतरतो, गळा खाली येतो, मुंढ्यातून आतलं दिसतं. खांद्याप्रमाणे एल घेतला तर छातीवर ताणतो आणि बटणांच्या मध्ये फट पडते. दोन्हीकडून शेवट एकच, वरून ओढणी. हलके सुती, स्लीव्हलेस, दोरीच्या पट्टीचे उन्हाळी ड्रेस दुकानात टांगलेले असतात, पण त्यात ब्राची पट्टी झाकायची कशी, असा विचार करून आम्ही हात मागे घेतो. मीही घेतलाय. एका दुकानात माप विचारल्यावर काउंटरवरच्या मुलानं आत ओरडून सांगितलं, "मोठा साइज काढ रे!" तेव्हा मी काहीही न घेता बाहेर आले होते.

गंमत अशी की यावरचं उत्तर आपल्या गावात कधीचं आहे. आपल्या आज्यांची खणाची चोळी आठवा. ज्याच्या-त्याच्या अंगावर बेतलेली आणि छातीखाली गाठ. शेतात वाकून काम करणाऱ्या बाईला ती गाठ हवी तशी आवळता यायची. पुढं हुकांचे ब्लाउज आले, तेव्हा आपल्या शिंप्यांनी आणि शिवणवाल्या ताईंनी फोर टक्स घातले, प्रिन्सेस कट घेतला, कटोरी बसवली. कटोरी म्हणजे काय, तर छातीच्या गोलाईसाठी वेगळा तुकडा कापून जोडायचा. शिवणकाम करणाऱ्या कुठल्याही ताईला कटोरी ब्लाउज येतो. मग तीच कटोरी, तोच प्रिन्सेस कट सुती कुर्त्यात, गाऊनमध्ये, मॅक्सीत का येत नाही? कारण आपण मागत नाही. "ब्लाउज मापाचा पाहिजे" हे बाई हक्कानं सांगते. कुर्ता मात्र "मोकळाढाकळा शिवा, काही दिसायला नको" म्हणून सांगते.

वैनींचा कुर्ता आम्ही वेगळा शिवून घेतला. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी सांगते. माप घालताना आत मापाची ब्रा हवी. शिवणाऱ्या ताईला छाती, छातीखाली, खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतची लांबी आणि दोन टोकांमधलं अंतर अशी चारही मापं घ्यायला लावा. खांदा खांद्याच्याच मापाचा ठेवा, छातीची जागा कटोरीत किंवा प्रिन्सेस कटात काढा. छातीच्या खाली एक शिवण घ्या आणि तिथून खाली घेर सोडा. कापड पातळ सुती, पण छातीपुरतं रुबियाचं अस्तर, म्हणजे ते दिसत नाही आणि लोंबतही नाही. बाही नको असेल तर खांद्याची पट्टी तीन बोटं रुंद ठेवा. समोर बटणं असतील तर दोन बटणांच्या मध्ये आतून एक प्रेस बटण. आणि बेतायच्या आधी कापड पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल आणि सगळी मेहनत वाया.

आता काही जण म्हणतील, गावात पाण्याचे टँकर येतात, रस्त्याला खड्डे आहेत आणि ही बाई कपड्यांवर काय लिहिते! पण पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुली बघा. महिला पोलीस शिपाई भरतीत ८०० मीटर धावणं असतं. त्यासाठी आपल्या तालुक्यातल्या कितीतरी मुली घाम गाळतात. त्यातल्या एकीनं मला सांगितलं, "ताई, मी दोन ब्रा एकावर एक घालते. तरी पोरं बघतात म्हणून उजाडायच्या आत संपवते." दुसरीनं धावणंच सोडलं. ब्रिटनमध्ये पोर्ट्समाउथ विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन हजारांवर शाळकरी मुलींना विचारलं, तेव्हा जवळपास निम्म्या मुलींनी सांगितलं की छातीमुळे खेळण्यावर काही ना काही परिणाम होतो. तिथं ही स्थिती, तर आपल्याकडं मुली सांगत तरी आहेत का? हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. वैनींचा होता, या मुलींचाही आहे.

सरकारी पातळीवर काही घडत नाही असंही नाही. आपल्याकडचे तयार कपडे बरेचसे परदेशी मापांवर निघतात म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालयानं निफ्ट या संस्थेकडून भारतीयांची मापं घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजार लोकांची स्कॅनरनं मापं घ्यायची अशी ती योजना. चांगलं आहे, कंपन्यांना तक्ता मिळेल. पण तक्ता सरासरीचा असतो आणि सरासरीबाहेरच्या बाईला टेप लावणारी दुसरी बाईच लागते. २०२४-२५ ला 'एक राज्य एक गणवेश' योजनेत आपण हेच पाहिलं. कापड एका ठिकाणी कापून गावोगाव शिवायला पाठवलं आणि मापं चुकल्याच्या तक्रारी आल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडं द्यावं लागलं. माप गावातच घ्यावं लागतं, हा त्यातला धडा.

आणि बोलल्यानं फरक पडतो. ब्रिटनमध्ये मार्क्स अँड स्पेन्सर कंपनी डीडी आणि त्यापुढच्या ब्रावर दोन पाउंडांपर्यंत जादा घ्यायची. बायकांनी फेसबुकवर गट काढून मोहीम चालवली आणि २००९ मध्ये कंपनीनं चूक कबूल करून जादा आकार बंद केला. आपल्याकडं सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी २०१८ मध्ये गेला तोही बायका बोलल्या म्हणूनच.

मग आपण काय करायचं? माझ्या मते तीन गोष्टी, तिन्ही आवाक्यातल्या.

पहिली, ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. आपल्या पट्ट्यात बांधकामं वाढलीत, पंचायतींचं उत्पन्नही वाढलंय. त्या पैशातून शिवणवर्ग होतात, पण ते बहुतेक साध्या ब्लाउज-परकरावरच थांबतात. पुढचा महिनाभराचा वर्ग घ्या. मापाची ब्रा कशी निवडायची, कुर्त्यात कटोरी कशी बसवायची, धावणाऱ्या मुलीला कपडे कसे असावेत. बचत गटातल्या दहा ताई जरी तयार झाल्या तरी गावाची सोय होईल आणि त्यांना काम मिळेल.

दुसरी, दुकानदार भावांनो, तुमच्याकडं एक बाई कामाला ठेवा, कडी लागणारी ट्रायल रूम करा, आत एक टेप टांगा. कप सी, डी, ई चाही थोडा माल ठेवा. आणि माप आतल्या माणसाला ओरडून सांगू नका. गिऱ्हाईक तुटतं.

तिसरी, शाळेत आणि भरतीच्या वर्गात मुलींशी या विषयावर बोलणारी एक बाई असायलाच हवी. आठवीतल्या पोरीला हे मैत्रिणीकडून अर्धवट कळण्यापेक्षा शिक्षिकेकडून नीट कळू दे.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायचा नियम आहे. १ मेच्या वेळी ती फक्त सह्यांपुरती होऊ देऊ नका. जमलेल्या बायकांमधून एकीनं उठून शिवणवर्गाचा विषय मांडा, ठरावात लिहून घ्या. आवाज थोडा कापला तरी चालेल, माझा हे लिहिताना हात कापलाच होता.

वैनींनी सोडलेल्या दोन घरांपैकी एक त्यांना परत मिळालं. नव्या कुर्त्यात जातात. ओढणी अजूनही घेतात, पण आता ती उन्हासाठी डोक्यावर असते.